पान एकशे बारा

माझ्या भाचीला घरात सगळे ‘टेप’ म्हणतात. एकदा वाचलं की भरलं. बटण दाबा आणि ऐका. फिजिओथेरपीचं पुढचं शिक्षण घ्यायला ती परदेशी गेली आणि पहिल्याच परीक्षेत तिच्यावर कॉपीचा ठपका आला. मी तेव्हा महिनाभर तिच्याकडे राहायला गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं.

खुब्याच्या ऑपरेशननंतर पेशंटला उभं कसं करायचं, असा प्रश्न होता. हिने अडीच पानं लिहिली, आणि ती पुस्तकाशी शब्दन्‌शब्द जुळली. झालं! ठपका टिकला तर कॉलेजातून नाव कमी, व्हिसा रद्द, सामान बांधा.

चौकशीला सोबत एक माणूस नेता येतो. मी गेले. समोर तिच्या बाई. त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि हिला म्हणाल्या, “पान एकशे बारा.”

टेप सुरू झाली. मी ओळींवर बोट फिरवत होते. एक शब्द हलला नाही. आकृतीखालची बारीक ओळ आली, ‘तक्ता पुढील पानावर पाहा’ हेसुद्धा आलं! बाईंनी मधलीच आणखी दोन पानं विचारली. तीही आली. माझ्या अंगावर काटा उभा राहिला. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“कॉपी नाही. तसं मी लिहून देते,” त्या म्हणाल्या. “पण मी पुस्तकाला विचारलं नव्हतं, तुला विचारलं होतं. पंधरा दिवसांनी ये. लिहायचं नाही, करून दाखवायचं. तेव्हा नापास झालीस तर माझ्या हातात काही नाही.”

बाहेर येताच हिचा चेहरा रडवेला. “मावशी, सगळं बरोबर होतं गं! चुकलं काय माझं?”

“तुझं नाही, आमचं. पाठांतराच्या स्पर्धेत तुला मीच उभी करायचे.”

मग मी रोज तिच्या पलंगावर पेशंट होऊन पडू लागले.

“आजी, आता उजवा पाय टेकवा.”

“नाही टेकवत जा.”

ती थबकली. “मावशी, असं पुस्तकात नाहीये.”

“मग पुस्तकालाच उठवून बसव! मी पडते इथेच.”

कधी मी बहिरी झाले, कधी हट्टी, कधी मला घेरी आली. ती दर वाक्याला पुस्तकात शिरायची, अर्ध्यावर थांबायची, ओठ चावायची आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायची. वीस वर्षांची सवय माणूस अशी डोळ्यांदेखत उतरवून ठेवू शकतो? मी तर चहातली साखरसुद्धा सोडू शकलेले नाही.

परीक्षेला पेशंट म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते. मी दाराच्या काचेतून बघत होते. म्हातारबुवांनी साफ नकार दिला, हात झटकला. बाईंचं लक्ष घड्याळाकडे. टेप गप्प!

तिने खुर्ची ओढली, त्यांच्याजवळ बसली आणि काहीतरी विचारलं. म्हातारबुवा बोलायला लागले. ही ऐकत राहिली, वेळ चालला होता तरी ऐकत राहिली. मग त्यांनी आपणहून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं मिळून उभी राहिली.

चोपन्न मार्क. पन्नासला पास.

“विचारलंस तरी काय त्यांना?” मी म्हटलं.

“भीती कशाची वाटते ते.”

एवढंच. सत्तरी उलटली तरी हा प्रश्न मला कधी कुणाला विचारावासा वाटला नव्हता.