पांढऱ्या मातीतल्या काचा

धाकटा भाऊ पुण्यात इंजिनिअर आहे, आणि हे तो कुणाला विसरू देत नाही. लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावातलं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं, तेव्हा राडारोडा टाकायचा खर्च कसा वाचवायचा, हे त्यानं मला चहा पिता पिता शिकवलं. मला!

आमच्याकडं हा खर्च मुळात नसतोच. जुन्या घराची पांढरी माती म्हणजे खत. लोक स्वतःचा ट्रॅक्टर आणून भरून नेतात. फक्त त्याआधी न्हाणीच्या फरश्या, खिडक्यांच्या काचा हातानं काढून बाजूला ठेवाव्या लागतात. चार दिवसांचं काम. "चार दिवसांची मजुरी कशाला?" म्हणाला शहाणा. जेसीबी लावला आणि दुपारच्या जेवणाआधी सगळं एकत्र कालवून टाकलं.

माती न्यायला दोघं आले होते. त्यांनी ढीग पायानं उकरला, एकमेकांकडं बघितलं आणि रिकाम्या ट्रॉल्या घेऊन गेले. "गावाकडच्या लोकांना फुकटचं पण पचत न्हाय," भाऊ हसला, आणि सगळा ढीग माझ्या माळाच्या रानात ओतायला लावला.

मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण त्या दीड एकरात मुरमाशिवाय काही नव्हतं आणि ह्या मातीची मी कैक वर्षं वाट बघत होतो. हावरटासारखा बांधावर उभा राहून ट्रॅक्टरवाल्याला वाट दाखवत होतो.

कुळव फिरवला आणि काचा वर आल्या. वेचल्या, पोतं भरलं, तरी निघतच राहिल्या. तूर मात्र अशी उगवली की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. मग खुरपायला बाया आल्या. पहिल्याच ओळीत एकीचा तळहात फाटला. तिनं पदरानं हात बांधला, "ह्या रानात आमी न्हाय बसायच्या," म्हणाली, आणि सगळ्या उठून गेल्या. त्यांचं काय चुकलं? त्यानंतर गावातली एकही बाई आली नाही. मी आणि बायको, दोघांनी किती उपसायचं? तूर तणात गुदमरून गेली.

दिवाळीला भाऊ आला. बांधावर उभा राहून म्हणाला, "दादा, तण लई माजलंय. तुम्ही जरा लक्ष देत जावा."

मी खुरपं त्याच्या हातात दिलं. "बस. काढ."

त्यानं मातीकडं बघितलं, स्वतःच्या तळहाताकडं बघितलं आणि खुरपं हळूच बांधावर ठेवलं. म्हणजे आत काय आहे, ते माहीत होतं हरामखोराला.