नवख्यांसाठी राखून ठेवलेलं काम

भांडण जुंपलं तेव्हा मी घोंगडीखाली होते. मफद्दलच्या दुकानातल्या मागच्या खोलीत त्याने मला बसवलं होतं आणि गल्लीतला गोंगाट आत येऊ नये म्हणून वरून जाड लोकरी घोंगडी घातली होती. हातात माइक. मी आपली घामाघूम होऊन म्हणत होते, "आठ वाजले. साडेआठ वाजले."

"दोन मिनिटांचं काम आहे, करून मोकळा हो," बाहेर तूरिया म्हणत होती. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची.

"दोन मिनिटांचं आहे म्हणूनच ठेवलंय," मफद्दल म्हणाला. " सोपं सोपं सगळं आपणच उरकलं तर नवा माणूस हात कशावर बसवणार? अवघडावर? एकदा तोंडावर पडला की पुन्हा फिरकत नाही."

"आणि तोवर ईद आली म्हणजे?"

"सात महिने आहेत, बाई."

"सात महिन्यांत तू दुकानाचा गेलेला दिवा बदलला नाहीस."

मफद्दलचं तेत्वान शहरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी फोन दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने आणि तूरियाने मिळून फोनवर चालणारा एक प्रोग्राम काढला होता. ज्यांना वाचता येत नाही त्यांना डॉक्टरची, कचेरीची वेळ बोलून सांगायची, एवढंच त्याचं काम. तो कुणाच्या मालकीचा नव्हता. ज्याला हवा त्याने फुकट वापरावा, ज्याला जमेल त्याने आतली चूक दुरुस्त करून पाठवावी. आवाज माझा होता आणि मला सगळी गल्ली खालती, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून लोक त्या प्रोग्रामलाच 'खालती' म्हणायचे. "उद्याचं खालती काय म्हणते?" असं भर बाजारात कुणी कुणाला विचारलं की मला उगीच ताठ चालावंसं वाटे.

आमच्याकडे रमजानात सरकार घड्याळं तासभर मागे घेतं आणि ईदनंतरच्या रविवारी पुन्हा पुढे करतं. प्रोग्राम मागे बरोबर जायचा, पण पुढे यायला आठवडाभर उशीर करायचा. भांडण त्या चुकीवरून होतं.

मी घोंगडीतून डोकं बाहेर काढलं. "राहू दे गं, तूरिया. कणीक मळताना मीसुद्धा पोरींसाठी एक गोळा बाजूला ठेवायचे. त्याशिवाय शिकल्या असत्या का?"

"बघ, खालतीला कळतं," मफद्दल म्हणाला.

"खालतीचा गोळा करपला तर एक पोरगी रुसते. एवढंच होतं," तूरिया म्हणाली आणि पिशवी उचलून गेली.

मी जिंकल्यासारखी पुन्हा घोंगडीत शिरले.

मफद्दलने ती चूक 'पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी' अशा यादीत टाकली. कॉलेजची पोरं दुकानात येत, लांबची लिहून विचारत, आम्ही कुठून सुरुवात करू? तो हातातला फोन न सोडता सांगायचा, "आधी महिनाभर वापर. तुला स्वतःला जे खुपेल ते घे. मोठं नाव बघून मोठं काम घेऊ नकोस. एक ओळ बदल, दहा नको. आणि आधी विचार, दुसऱ्या कुणी हातात घेतलंय का." एक पोरगा म्हणाला, "मला तर सगळंच नवीन लिहावंसं वाटतं." मफद्दल म्हणाला, "सासरी पहिल्याच दिवशी कुणी भिंत पाडतं का?"

हिवाळ्यात साफी गावच्या एका पोराने लिहिलं, "घड्याळाचं काम मी घेतो." मफद्दल हरखला. मला मुद्दाम येऊन सांगून गेला. यादीत त्या कामापुढे पोराचं नाव लागलं आणि तो पोरगा जो गेला तो गेलाच. तूरियाने दोनदा विचारलं. मफद्दल म्हणाला, "त्याची परीक्षा असेल. एकाच्या हातातलं काम आपण कसं हिसकावायचं?" आणि नाव लागलंय म्हणून दुसऱ्या कुणी तिकडे बघितलंही नाही.

आमच्याच जिन्यावर, समोरच्या दारात बतूल एकटी राहायची. पूर्वी शिवणकाम करायची. वाचता येत नव्हतं, तारीख-वेळ आमच्या प्रोग्रामवरच ऐकायची. तिच्या उजव्या डोळ्यात बिघाड होता. मोठ्या हॉस्पिटलची तारीख कधीची मागितलेली, ती मिळाली नेमकी ईदनंतरच्या सोमवारी, सकाळी नऊची. डॉक्टर म्हणाले होते, आता उशीर नको.

रविवारी दुपारी मी तिच्याकडे चहा प्यायले. सकाळी मी माझं घड्याळ पुढे केलं होतं. तिच्या भिंतीवरचं तासभर मागे दिसलं. मनात म्हटलं, सेल उतरला असेल. प्रोग्रामची चूक मला ठाऊक होती, तिची तारीखही ठाऊक होती. पण दोन्ही एकत्र डोक्यात आल्या नाहीत. आल्या असत्या तरी वाटलं असतं, साफीच्या पोराने केलं असेल. मी आणखी एक बिस्किट घेतलं.

सोमवारी सातला माझा आवाज मानाचं 'लाल्ला' लावून बोलला, "लाल्ला बतूल, उठा, आज हॉस्पिटल." खरे आठ वाजले होते. ती पोचली तेव्हा तिचं नाव पुकारून झालं होतं. पुढची तारीख शरदातली.

परत येताना ती दुकानाशी थांबली. "सी मफद्दल, तुझी खालती आज उशिरा उठली वाटतं," त्याला मानाचं 'सी' लावत ती हसून म्हणाली. मी तिथेच बाकावर होते.

मफद्दलने पुढ्यातला चहा बाजूला सारला आणि ती चूक दुरुस्त केली. चहाची वाफ अजून निघत होती. मग तो बतूलला घेऊन पुन्हा हॉस्पिटलला गेला, खिडकीपाशी दोन तास उभा राहिला. खिडकीतला माणूस म्हणाला, "तुमच्यासारखे रोज दहा येतात, साहेब."

शरदापर्यंत डोळा गेला. बतूलने त्याला कधी शब्दानं दुखवलं नाही. "सरकार घड्याळ नाचवतं, त्याला तू काय करणार, पोरा?" म्हणायची आणि त्याच्यासाठी वाटी झाकून पाठवायची. तूरियाही काही बोलली नाही. बोलली असती तर त्याला सोपं गेलं असतं. मीही त्याला कधी म्हटलं नाही, की तो कणकेचा गोळा माझा होता.

तेव्हापासून यादीतल्या प्रत्येक सोप्या कामापुढे तो तारीख घालायचा. त्या दिवसापर्यंत कुणी केलं नाही तर स्वतः करायचा. आणि नवख्यांना सांगायचा, "घेतलंस आणि जमलं नाही तर परत आणून ठेव. त्यात लाज नाही. पण आधी बघ, या कामाची कुणी वाट बघत बसलंय का? बसलं असेल तर ते शिकायचं काम नाही."

नऊ वर्षं ईदनंतरच्या रविवारी तो स्टूल घेऊन एकट्या राहणाऱ्या बायकांची घड्याळं पुढे करत फिरला. सुरुवात बतूलपासून. यंदा रविवारी आला आणि बुधवारी त्याचं हृदय थांबलं. त्या रविवारी मी बतूलकडेच होते, जिना चढून त्याला दम लागला होता.

"तुझा प्रोग्राम आता चुकत नाही ना? मग हे स्टूल कशाला वाहतोस?" बतूलने विचारलं.

"सवय, लाल्ला."

तो स्टुलावर चढला. काटा फिरवला, बाहीने काच पुसली. "खालती, वाचा बरं," म्हणाला.

"अकरा वाजून दहा मिनिटं," मी म्हटलं.

बतूलने मान हलवली. त्याने स्टूल काखेत मारलं आणि शेजारचं दार वाजवलं.