शालू जागची हलली न्हाई

अक्षता, मी सांगते तसं लिही, मधी मधी सुधरू नको. तुझ्या बहिणीचं, शालूचं सांगायचंय. ती काय करती हे मला आजून बिलकुल उमगलं न्हाई, पर सांगते.

शालू म्हंजी माझ्या शिवशंकरची थोरली. दहावीपस्तोर केदारखेड्यात माझ्यासंगं मेंढरामागं हिंडली. आता नवीन जालन्यात बियान्याच्या कंपनीत हाय. ट्रेमधी बी टाकायचं अन उगवलं किती ते पाह्यचं, हे काम. सव्वीस वर्साची झाली. कामाहून आली का भाकर खायच्या आधी टीव्हीला ते मशीन जोडती अन बटनाची पेटी मांडीवर घेऊन बसती. आत दोन मानसं भांडतात. पयल्यांदा पाह्यलं तवा म्या इचारलं, "ह्यांचं भांडन काहून लागलं?"

"लागलं न्हाई काही, आज्जे. खेळ हाय."

"मंग मिटवा की कोनी."

हसत बसली नुसती.

तर ह्या खेळात एक भागवत नावाचा गडी हाय. टेशनाकडं मोबाइलचं दुकान हाय त्याचं. जालन्याची स्पर्धा दोन वर्सं त्यानंच जिंकली, अन दोन्ही बारीला शेवटाला शालूलाच हरवून. जो जिंकल तो पुन्याच्या मोठ्या स्पर्धेला जातो. यंदा शालू म्हनली, "आज्जे, आता हरले तं मशीन देऊन टाकते. बस झालं." ती असं उगं म्हनत न्हाई.

म्या म्हनलं, तो जिंकतो कसा ते तं दाखव. दाखवलं. त्याचा मानूस मागं सरकतो, वाकतो, परत मागं सरकतो, इतकं जल्दी का माझे डोळे गरगरले. आपुन मारायला गेलं का हात हवेत जातो. तो हात परत येस्तोर भागवत पुढं येऊन हानतो.

"भेतो का काय? मागं काहून पळून राह्यला?"

"पळत न्हाई गं. मला मागं यायला लावतो. कळतं मला, तरी बोटं जातातच."

कळतं तं जातात काहून? हे मला कळलं न्हाई. मंग महिनाभर तिनं मशीनमधल्या मानसालाच तसं मागं सरकायला लावलं अन त्याला धरायचं शिकली. कधी लांबून पायावर लाथ, कधी रेटत रेटत भिंतीला. भिंत लागली का मागं जागा उरत न्हाई म्हनं. म्या म्हनलं, हे तं मेंढी जाळीत कोंडल्यावानी झालं. तं म्हनली, "मेंढी मारत न्हाई आज्जे, हा मारतो."

स्पर्धेला तूच मला नेलं. मंगल कार्यालयात, अन लगीन कोनाचंच न्हाई. शालू अन भागवत शेजारी शेजारी खुर्चीत, मी शालूच्या मागं. तीन डाव जिंकल तो जिंकला. दोघांचे दोन-दोन झाले. शेवटचा डाव सुरू झाला अन भागवतचं सरकनं चालू झालं. शालू त्याच्या मागं निघाली. मला नीट दिसलं, आता हिचा हात हवेत जानार.

अन माझ्या तोंडून गेलं, "ट्रर्र!"

मेंढरं कोनाच्या वावरात घुसाया लागली का आमच्या घरात असाच आवाज काढतात, मेंढरं जागीच थांबतात. शालू बी थांबली. भागवत पुढं आला अन हिनं त्याला आडवा केला.

भागवतनं हात वर केला. पंच आले, काकासाहेब नावाचे. "कोन बोललं?"

"म्या."

"काय सांगितलं तिला?"

"तिला कशाला? मेंढरांना म्हनतात ते."

"त्याचा अर्थ काय, मावशी?"

"थांब."

पंचानं कपाळाला हात लावला. भागवत म्हनला, "साहेब, हे बाहेरून शिकवनं झालं." मला वाटलं शालू भांडंल. तं ती म्हनली, "व्हय, मी आवाजानं थांबले. डाव परत घ्या." जिंकत आल्ती, अन परत घ्या म्हनं. मला तं रडू यायला लागलं.

परत सुरू झालं. शालूनं सुरवातीलाच एक हलकी चापट मारली, टीव्हीत भागवतच्या मानसाच्या रक्ताची पट्टी जराशी कमी झाली. मंग तो सरकाया लागला. शालू जागची हलली न्हाई. तो पुढं यायचा, मागं जायचा. ही उभी. टीव्हीत वर येळेचे आकडे उतरून राह्यले. पोरं वरडली, "मार की!" म्या पदराचा बोळा तोंडात धरला. शेवटाला भागवत धावत आला, लाथ मारली, शालूनं अडवली, अन आकडे संपले. सगळे उभे राह्यले.

तुला इचारलं, "कोनीच कोनाला पाडलं न्हाई, जिंकलं कोन?"

तू म्हनलीस, "ताई. तिचं रक्त जास्त उरलं."

एका चापटीवर! ऑटोत शालूला म्हनलं, "तू मारलं काहून न्हाईस?"

"रक्तात मी पुढंच व्हते आज्जे. त्याला यायचं तं त्यानं यावं."

"मंग दोन वर्सं त्याच्या मागं काहून जात व्हतीस?"

"म्हाईत न्हाई," म्हनली.

घ्या. तिलाच म्हाईत न्हाई.

म्या म्हनलं, पुन्याला येऊ का? तं म्हनली, "ये, पर माझ्या मागं बसू नको. पार दारापाशी बस." दारापासून मला काय दिसनार अन दिसलं तरी काय कळनार? पर जाते म्हनलं.