मागच्या खांद्याचा मान

श्रीविघ्नहराला वंदन करून, ग्रामदैवताच्या उत्सवानिमित्त एका शेजाऱ्याचे स्मरण करतो.

ते नारायणगावी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवीत. जड वस्तू दिसली, की तिच्या टेकूंखाली बोटाने वर जाणारे बाण काढीत आणि म्हणत, "जेवढा भार टेकतो, तेवढ्याच जोरानं आधार वर रेटतो."

पालखीची मागची दांडी खांद्यावर घेण्याचा मान आमच्या घराण्याचा. त्या वर्षी माझा खांदा दुखावला होता. घरात दुसरा खांदा नव्हता. मान सुटणार, हे मी मनाशी स्वीकारले होते. शेजाऱ्यांनी धुळीत दांडी रेखली, तिच्याखाली दोन बाण काढले: पुढचा लांब, मागचा आखूड. मग पालखी दांडीवर पुढे सरकवून दोर आवळले.

"काका, भार ज्याच्या जवळ, त्याच्यावर जास्त. उचला आता."

मी उचलली. पुढचा पैलवान कण्हला, "राव, मला लई जड व्हतंय."

"मग तालमीत एवढं दूध कशाला पिलास?" शेजारी म्हणाले.

सारा गाव हसला. प्रदक्षिणा पुरी करून पालखी देवळात टेकवली, तेव्हाही माझा खांदा ताठ होता. दारात उभे शेजारी हवेत एक आखूड बाण काढीत होते.

वाचकहो, आपल्या घरचा भार समर्थ खांद्याजवळ राहो आणि थकलेल्या खांद्याचा मान अखंड राहो.