काकांचा हात

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमधले शेजारचे काका घरच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर हाताने सेटिंग करून ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचे. वेग जरासा वाढवायचा, कॅबिनेटवर तळहात ठेवून अंदाज घ्यायचा, मशीन अडकलं की पुन्हा पहिल्यापासून. मे महिन्यातही कूलरचं तोंड त्या डब्याकडेच. हेच काम आपोआप करणारी सोय त्यात होती. "ऑटोवर टाकलं तर मी कशाला?" असं ते म्हणायचे.

त्यांच्या मुलीचा व्हिडिओ कॉल दर रविवारी मशीन अडकून मध्येच बंद पडायचा. एकदा कॉल तुटताच काकू उठून आत गेल्या. पुढच्या रविवारी काकांनी स्वतःच ऑटो लावलं. मुलगी पोटभर बोलली. काका मात्र येरझाऱ्या घालत होते.

कॉल संपल्यावर त्यांनी कॅबिनेटवर हात ठेवला.

"गरमच होत नाहीये," ते मला म्हणाले. हात काही त्यांनी उचलला नाही.