शंकेला नंबर नसतो

मी नोकरी कसली करते हे आईला कधीच नीट सांगता आलं नाही. खरं तर ते मलाही पुरतं कळलेलं नव्हतं. जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या एका कंपनीत आम्ही नुकती बी.एस्सी. झालेली मुलं-मुली रांगेनं कॉम्प्युटरपुढं बसायचो. अमेरिकेतल्या कुठल्याशा डॉक्टरनं कुणाच्या तरी अन्ननलिकेत दुर्बीण घातलेली असायची. त्यानं काय पाहिलं, काय केलं, याचा टाइप केलेला रिपोर्ट आमच्याकडे यायचा. तो वाचायचा आणि केलेल्या प्रत्येक गोष्टीला पाच आकडी नंबर द्यायचा, म्हणजे तिकडची विमा कंपनी त्या नंबरांवरून डॉक्टरचं बिल चुकतं करणार. याला कोडिंग म्हणत. आई महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना सांगायची, "ती मेडिकलमध्ये आहे." मग त्या बायका मला गुडघेदुखीवर औषध विचारायच्या.

आम्हाला शिकवणारे सर केरळचे होते. त्यांनी दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसवल्या होत्या. एक म्हणजे, दुर्बीण कुठपर्यंत गेली ते आधी शोधा. अन्ननलिकेतच थांबली तर वेगळा नंबर, जठर ओलांडून लहान आतड्याच्या तोंडाशी गेली तर वेगळा. दुसरी गोष्ट, डॉक्टरनं 'शंका आहे', 'असू शकेल', 'ते नाही ना, एवढं तपासायचंय' असलं काही लिहिलं असेल, तर तिकडे ढुंकून बघायचं नाही. "शंका डॉक्टर की है," सर म्हणायचे, "शंका का नंबर नहीं होता." पेशंटला गिळायला त्रास होतो ना? मग तेवढंच लिहा, गिळायला त्रास. काही महिन्यांत माझे डोळे त्या शब्दांवरून आपोआप घसरायला लागले. सर खूश होते आणि मला वाटायचं, आपण हुशार आहोत.

त्या थंडीत मंडळाची सहल कानोत्याच्या धरणावर गेली. आईनं डबा भरून गोळाभात, म्हणजे डाळीचे गोळे घातलेला भात, नेला होता. आम्ही नागपूरचे. बाबांची विमा कंपनीतून जयपूरला बदली झाली तरी त्यांची जीभ नागपुरातच राहिली होती. वरून फोडणीचं कडकडीत तेल घेऊन त्यांनी दुसरा घास घेतला आणि छातीवर हात ठेवून ते उठून पाण्याच्या बाजूला गेले. बराच वेळ पाठमोरे उभे होते. परत आले तेव्हा डोळे लाल होते आणि तोंडावर हसू होतं. म्हणाले, इथली हवाच कोरडी, घासही कोरडे होतात. शेजारच्या भाईसाहबांचं म्हणणं, गॅस आहे. आईच्या मते कचोऱ्या. पण महिन्याभरात पोळीसुद्धा उतरेना. आई वरण-भात मिक्सरमधून काढून द्यायला लागली आणि बाबा वाटीकडे असे बघायचे, की मला रडू यायचं.

शेवटी दुर्बिणीची तपासणी ठरली. आई मंडळात सगळ्यांना सांगून आली की काळजी नाही, पोरगी त्यातलीच आहे. मी मात्र हजारो अन्ननलिका नुसत्या वाचल्या होत्या, पाहिली एकही नव्हती.

डॉक्टर बाहेर आले. मी उभी राहिले आणि तोंडातून सवयीनं पहिला प्रश्न गेला, तोही इंग्रजीत, की दुर्बीण कुठपर्यंत गेली, ड्युओडेनमपर्यंत, म्हणजे लहान आतड्याच्या तोंडापर्यंत का? त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, आपण डॉक्टर आहात का? मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे आजही मला सांगता येणार नाही. त्यांनी ती हो धरली आणि भराभर बोलू लागले. खालच्या टोकाला अन्ननलिका अरुंद झालीय. दुर्बीण आधी जात नव्हती, मग फुगा घालून हळूच ताणली, तेव्हा जठरात गेली. अरुंद भागाची कड ठीक वाटत नाही, तुकडा काढून तपासायला पाठवलाय, कॅन्सर नाही ना एवढं बघायचंय.

मला एकेक शब्द ओळखीचा होता. आणि त्या सगळ्या वेळात माझं डोकं काय करत होतं? नंबर शोधत होतं. आधी गेली नाही, मग गेली, पण आतड्यापर्यंत नाही, मग हे नेमकं कशात धरायचं? डॉक्टर निघून गेले तरी मी तिथंच गोंधळून उभी होते. आई जवळ आली आणि तिनं विचारलं काय म्हणाले. मी म्हणाले, "अन्ननलिका अरुंद झाली होती, ती रुंद केली. बाकी काही नाही."

मी खोटं बोलले नव्हते. लपवायचं तर मनातही नव्हतं. रिपोर्ट जसा वाचायचा तसाच मी डॉक्टरला वाचला होता. घरी परतताना ऑटो गोपालपुऱ्याच्या चौकात थांबली, समोर कोचिंग क्लासच्या पाट्यांवर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे फोटो होते, आणि तिथं मला तो शब्द एकदम ऐकू आला. कॅन्सर. शेजारी आई डोळे मिटून देवाचे आभार मानत होती. आता तिला कसं सांगू?

मी सांगितलंच नाही. संध्याकाळी बाबा सोफ्यावर कोमट दूध घोट घोट पीत होते. आयुष्यभर त्यांनी लोकांचे क्लेम तपासले होते. म्हणाले, "बाकी काही नाही, म्हणालीस ना आईला? आमच्या ऑफिसात असं वाक्य आलं की मी फाइल परत पाठवायचो. काय सोडून राहिली तू?"

मी सांगितलं. म्हटलं, त्यांना शंका आहे, पण शंका आम्ही धरत नाही हो बाबा. हे बोलताना मला रडू फुटलं. ते वेड्यासारखं वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडलं होतं आणि परत घेता येत नव्हतं. बाबा बराच वेळ कपातली साय चमच्यानं बाजूला करत राहिले.

"आईला बोलाव," ते म्हणाले. "तिलेही सांग. मले एकट्यानं वाट पाहाले भीती वाटते."

बाबांना भीती वाटते हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. आईनं ऐकून घेतलं आणि आत जाऊन मिक्सर लावला. त्यात काही घातलंय की नुसताच फिरतोय, हे बाहेरून कळत नव्हतं.

वाट पाहण्याच्या दिवसांत मी कामावर जात होते. एक रिपोर्ट आला. बाबांच्याच वयाचा माणूस, तोच त्रास, तसाच फुगा, तीच शंका. मी ती नियमाप्रमाणं सोडली आणि नंबर टाकले. सर म्हणाले, बरोबर आहे. पुढं त्या माणसाचं काय निघालं ते आमच्याकडे येणार नव्हतं, कुणाचंच येत नसे. बरोबर असूनही इतकं चुकल्यासारखं का वाटावं, ते मला कळेना.

निकालाच्या दिवशी डॉक्टरनी मला पाहून पुन्हा इंग्रजीत सुरुवात केली. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, मी डॉक्टर नाही, कृपा करून हिंदीत सांगा, आईलाही कळू दे. ते जरा चमकले. मग म्हणाले, "कैंसर नहीं है. एसिड से जलकर सिकुड़ गई है. एक-दो बार और खोलनी पड़ेगी." मी पुढचे प्रश्न जुळवत होते, तोवर आईनं तिच्या नागपुरी हिंदीत एकच विचारला. "मतलब, ये खा सकते हैं?"

दुसऱ्यांदा फुगा घातल्यावर काही दिवसांनी आईनं गोळाभात केला. तेल मात्र बेतानं. बाबांनी गोळा बोटांनी बारीक कुस्करला, घास केला आणि तोंडाशी नेऊन थांबले. आम्ही दोघी श्वास धरून त्यांच्या गळ्याकडे बघत होतो.

"असं बघू नका गं," ते म्हणाले. "उतरत नाही मग."

आईनं मुकाट्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. मला ते जमलं नाही. मी बघतच राहिले, कुठपर्यंत जातोय ते.