ओलांडलेलं जाळं

मी काही लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत आलेला पहिलाच मी, तेव्हा असं लिहायला बसण्याचं धाडस केल्याबद्दल आधी माफ करा. पण ही गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही — आईला तर नाहीच.

कर्वेनगरच्या खोलीत आम्ही चौघं राहतो. पहिल्या वर्षी घरून आणलेल्या सुकटीचा डबा मी उघडला, आणि रोहन नाक दाबून म्हणाला, "कोण मेलंय रे इथं?" सगळे हसले. मीही हसलो. डबा शेजारच्या मुलाने ठेवायला दिलाय, असं सांगितलं. पुढे माझे वडील सरकारी नोकरीत गेले — माझ्या बोलण्यात. खरं तर ते मासेमारीच्या होडीवर जातात. एवढं सांगायला काय लागत होतं?

यंदा दिवाळीनंतर मित्रांनी समुद्रावर जायचं ठरवलं, आणि बेट निवडलं ते नेमकं आमचं. बरं नाही म्हणून मी मागे राहू शकलो असतो. पण आई-बाबा बहिणीकडे पेणला गेलेत हे कळलं, आणि — गेलो. लाँचमधून उतरून आमच्याच किनाऱ्याचे फोटो काढत फिरलो, पाहुण्यासारखा.

वाळूत जाळं पसरलेलं होतं. त्याच्या कडेला माझी आत्या फाटलेली जागा सांधत बसली होती. आमच्याकडे जाळं कुणी ओलांडत नाही; अपशकुन मानतात. रांगत्या मुलालासुद्धा उचलून बाजूने नेतात. मित्रांना हे कुठून ठाऊक असणार?

"ए पोरांनो, जालं वलांडू नका! बाजूशी जा!" आत्या ओरडली.

"मग पूल बांधा की, काकू," म्हणत रोहन ओलांडून गेला. मागोमाग बाकीचे.

मी अलीकडे राहिलो. आत्याने मला पाहिलं. तिचा चेहरा — तो कसा झाला, ते मला लिहिता येणार नाही.

"कवा आयलास रं?"

"तुला ओळखते का रे ही?" रोहनने पलीकडून विचारलं.

"छे. मला कशी ओळखेल?"

वळसा घालायला भरपूर जागा होती. पण वळसा घातला असता तर — मी कोण, ते कळलं असतं ना? मी पाय उचलला आणि जाळं ओलांडलं. आत्याने मान खाली घातली. पुन्हा सांधायला लागली.

परवा आईचा फोन आला. आत्याच्या घरचं ते जाळं खडकात अडकलं, पार चिंध्या झाल्या त्याच्या. माझ्यामुळे झालं असं मी मानत नाही. वस्तीत मात्र मानतात. त्या दिवशी कुणीतरी मला जाळं ओलांडताना पाहिलं होतं. चारचौघांत आत्याला त्याबद्दल विचारलं, तर ती केवढी भांडली, हे आई कौतुकाने सांगत होती. आत्या म्हणाली, "तो नव्हता. आमचा पोर जालं वलांडीत नाय."